क्रॅशच्या अहवालात काय गाळायचे?

संगणकावर एखादा प्रोग्राम चालता चालता बंद पडतो आणि क्षणभरात एक छोटी खिडकी उघडते: प्रोग्राम अचानक बंद झाला आहे, अहवाल पाठवायचा का? बहुतेक लोक हाताला येईल ते बटण दाबून पुढच्या कामाला लागतात. त्या अहवालात नेमके काय जाते आणि काय जावे हे कुणी ठरवले, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. उबुंटू लिनक्समध्ये हे काम ‘अपोर्ट’ नावाचे साधन करते. मार्टिन पिट यांनी पायथन भाषेत लिहिलेले हे साधन २००६ पासून उबुंटूबरोबर येते. कोणताही प्रोग्राम पडला तरी त्याची सर्वसाधारण माहिती अपोर्ट टिपते, पण गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामसाठी काय महत्त्वाचे आणि छपाई करणाऱ्यासाठी काय, हे त्याला ठाऊक नसते. ते सांगण्यासाठी त्या त्या पॅकेजची देखभाल करणारा प्रोग्रामर, म्हणजे मेंटेनर, एक छोटा प्लगइन लिहितो. अपोर्टच्या परिभाषेत त्याला ‘हुक’ म्हणतात. पायथनच्या दहा-वीस ओळींत तो बसतो, त्यामुळे काम किरकोळ वाटते: मिळेल तेवढी माहिती गोळा करायची आणि अहवालाला जोडून द्यायची. पण चांगला हुक लिहिणे हे मुख्यतः गाळण्याचे काम आहे. गोळा करायला मशीनची माहिती असली तरी भागते. काय गाळायचे हे ठरवायला मात्र त्या प्रोग्रामची, तो वापरणाऱ्या माणसाची आणि अहवाल वाचणाऱ्याची अशी तिहेरी जाण लागते.

हे पटण्यासाठी आधी प्रोग्राम पडतो तेव्हा काय घडते ते पाहू. प्रोग्रामने आपल्या वाट्याला न आलेल्या मेमरीला हात लावला की प्रोसेसर कर्नलला खबर देतो आणि कर्नल त्या प्रोग्रामला ११ क्रमांकाचा सिग्नल पाठवतो. आतली एखादी तपासणी फसून प्रोग्रामने स्वतःच हात टेकले, तर तो सिग्नल ६ क्रमांकाचा असतो. दोन्ही प्रसंगी कर्नल त्या क्षणीच्या मेमरीची प्रत काढू शकतो. हाच कोअर डंप. पूर्वी ही प्रत चालू फोल्डरमध्ये एक फाइल म्हणून पडून राहायची आणि जाणकार माणसाखेरीज तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. लिनक्स कर्नलच्या २.६.१९ या आवृत्तीपासून ही प्रत फाइलमध्ये न टाकता थेट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामच्या हाती सोपवण्याची सोय झाली. त्यासाठी एका सेटिंगची सुरुवात पाइपच्या उभ्या रेघेने केली की पुरते. उबुंटूत त्या रेघेपलीकडे अपोर्ट असते. पडलेल्या प्रोग्रामचे नाव, तो कोणत्या आदेशाने सुरू झाला, कोणता सिग्नल आला, मेमरीत कोणती लायब्ररी कुठे बसली होती, हे सगळे टिपून ते एक फाइल तयार करते. ही फाइल साधी मजकुराची असते: डावीकडे बाबीचे नाव, मग दोन टिंबे, मग त्या बाबीची नोंद. कोअर डंपही त्यातच, आकसून आणि अक्षरांच्या रूपात बदलून, ठेवलेला असतो.

कोअर डंप नुसता पाहिला तर त्यात आकडेच आकडे दिसतात. प्रोग्रामच्या कोणत्या फंक्शनने कोणत्या फंक्शनला बोलावले आणि त्या साखळीच्या टोकाशी काय बिनसले, हे कळण्यासाठी आकड्यांना नावे द्यावी लागतात. ती नावे ज्या डीबग फाइलींत असतात त्या आकाराने मोठ्या, म्हणून सामान्य माणसाच्या मशीनवर नसतात. मग हे काम सर्व्हरवर होते. तिथे फंक्शनांची साखळी तयार झाली की तिच्या टोकाकडची पाच नावे वेगळी काढली जातात, आणि बहुतेक वेळा त्या पाच नावांवरूनच मेंटेनर ठरवतो की हा अहवाल पुढे वाचायचा की बाजूला ठेवायचा.

हुकचे काम मात्र सर्व्हरच्या या कामाआधी, वापरकर्त्याच्या मशीनवरच होते. त्याची फाइल ठराविक फोल्डरमध्ये, पॅकेजच्या नावाने ठेवलेली असते आणि तिच्यात एकच फंक्शन आवश्यक असते. त्या फंक्शनला दोन गोष्टी मिळतात: एक म्हणजे तयार होत असलेला अहवाल आणि दुसरी म्हणजे समोरच्या माणसाशी बोलण्याचे साधन. समजा, गाणी वाजवणाऱ्या एका प्रोग्रामसाठी हुक लिहायचा आहे. पहिल्या ओळीत अपोर्टचे तयार फंक्शन वापरून ध्वनीच्या यंत्रणेची स्थिती जोडायची: कोणते साउंड कार्ड, कोणता ड्रायव्हर. दुसऱ्या ओळीत ज्या लायब्ररीतून गाण्याची फाइल उलगडली जाते तिची आवृत्ती. तिसऱ्या ओळीत सिस्टिमच्या सेटिंगच्या फाइली. इथेही अपोर्टचे तयार फंक्शन सरसकट सगळ्या फाइली उचलत नाही, मूळ पॅकेजमधल्या फाइलीपेक्षा ज्या बदललेल्या किंवा पुसलेल्या आहेत तेवढ्याच नोंदवते. चौथ्या ओळीत माणसाला एक हो-नाहीचा प्रश्न: आवाज ब्लूटूथ हेडफोनमधून येत होता का? चार ओळींत काम झाले. पाचवी, सहावी, पंधरावी ओळ लिहिता येतेच, आणि खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

पहिला आक्षेप असा की साठवणूक स्वस्त झाली आहे, तेव्हा सगळे गोळा करा, नंतर हवे ते निवडा. ऐकायला हे व्यवहारी वाटते, पण क्रॅशच्या अहवालांचा अर्थ एकेकट्या अहवालात नसतो, त्यांच्या गटांत असतो. ऑक्टोबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात विंडोजच्या क्रॅश-अहवालांच्या यंत्रणेतून निघालेला एक निष्कर्ष दिला होता: सुमारे २० टक्के बग ८० टक्के चुकांना जबाबदार असतात आणि निम्म्या चुका तर अवघ्या १ टक्का बगमुळे होतात. म्हणजे अहवालांचा ढीग योग्य गटांत लावता आला, तर थोड्या दुरुस्त्यांत मोठा फरक पडतो. याच यंत्रणेवर तिच्या अभियंत्यांनी २००९ मध्ये जो शोधनिबंध मांडला, त्यात एक अब्ज मशीनच्या पसाऱ्यातून दहा वर्षांत आलेल्या अब्जावधी अहवालांचा अनुभव आहे. त्यांची रीत टप्प्याटप्प्याची होती. सुरुवातीला गट ओळखण्यापुरती मोजकी माहिती घ्यायची, आणि त्या गटाचे कोडे सुटत नसेल, डेव्हलपरला अधिक हवे असेल, तेव्हाच पुढची मागायची. जिथे साठवणुकीची अडचण सर्वांत कमी होती, तिथेही ‘आधी सगळे घ्या’ हा मार्ग निवडला गेला नाही.

उबुंटूनेही २०१२ मध्ये, १२.०४ या आवृत्तीपासून, हीच दिशा धरली. मशीन आधी कोअर डंप न जोडता अहवाल पाठवते. त्यातल्या पत्त्यांवरून सर्व्हर पाहतो की असा क्रॅश आधी आला आहे का. आला असेल तर नोंद करून तो थांबतो. नवा असेल तरच कोअर डंप मागतो. फेडोरा लिनक्समधल्या ‘एबीआरटी’ या साधनात तर अशा आटोपशीर अहवालाचा एक वेगळा प्रकारच आहे. त्यात फंक्शनांची नावे, लायब्ररीतली स्थाने आणि पॅकेजच्या आवृत्त्या असतात, मेमरीची प्रत नसते. या तीन वेगवेगळ्या यंत्रणा एकाच निष्कर्षाला पोचल्या आहेत, तेव्हा हुक लिहिणाऱ्याने त्याकडे काणाडोळा करणे शहाणपणाचे नाही.

गट लावण्यात हुकचा थेट हातही असतो. अपोर्टमध्ये हुकला अहवालाची ‘सिग्नेचर’ स्वतः लिहिता येते. ज्या अहवालांची सिग्नेचर सारखी, ते एकाच बगचे समजले जातात. हे अधिकाराचे आणि म्हणूनच जोखमीचे ठिकाण आहे. सिग्नेचरमध्ये बारीकसारीक तपशील घातले तर एकच बग शंभर गटांत विखुरतो आणि प्रत्येक गट किरकोळ दिसतो. ती फार ढोबळ ठेवली तर वेगवेगळे बग एकाच गटात कोंबले जातात आणि एक दुरुस्त झाल्यावर उरलेलेही मिटले असा समज होतो. म्हणूनच प्रोग्रामने स्वतःला थांबवल्यावर साखळीच्या टोकाशी जी ठरलेली फंक्शने येतात, ती अपोर्ट पाच नावांत धरत नाही. ती सगळ्यांचीच सारखी असतात, त्यांतून काही कळत नाही. फायरफॉक्सच्या क्रॅश सर्व्हरवरही असे वगळायच्या नावांचे नियम आहेत. शिवाय मेमरी संपल्यामुळे जे क्रॅश होतात ते साखळीवर विसंबून न राहता वेगळ्या खुणेने ओळखले जातात, कारण मेमरी कुठल्याही फंक्शनमध्ये संपू शकते आणि तिथले फंक्शन बिचारे निर्दोष असते. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ नये, याची ही तजवीज आहे. आणि ती करताना उपयोगी पडते ते नेमके गाळण्याचेच कसब.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. कोअर डंपमध्ये प्रोग्रामची सगळी मेमरी आहेच, मग वेगळा हुक हवा कशाला? याचे उत्तर असे की मेमरीत प्रोग्रामचे जग असते, प्रोग्रामभोवतीचे जग नसते. ध्वनीचा ड्रायव्हर कोणता होता, कर्नलने त्याच सुमाराला हार्डवेअरविषयी काही तक्रार नोंदवली होती का, सोबतच्या पॅकेजची आवृत्ती जुनीच राहून गेली होती का, हे कोअर डंपमधून निघत नाही. शिवाय कोअर डंप कायम राहत नाही. त्यात पासवर्डपासून उघड्या पत्रापर्यंत काहीही असू शकते, म्हणून तो जोडलेला बग खासगी ठेवला जातो आणि सर्व्हरवर फंक्शनांची साखळी निघाली की तो काढून टाकला जातो. पुढे महिनोन्महिने जो अहवाल वाचला जातो त्यात साखळी असते आणि हुकने जोडलेले संदर्भ असतात. म्हणजे हुक अनावश्यक नाही. त्याचे काम कोअर डंपची पुनरावृत्ती करण्याचे नसून त्याच्या बाहेरचे मोजके टिपण्याचे आहे.

हे टिपताना हुक नेहमी उशिरा पोचतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. कर्नलने खबर दिल्यावर अपोर्ट पहिली नोंद तत्काळ करते, पण हुक चालतो तो पुढे, अहवाल पाठवण्याची तयारी होताना. मधल्या वेळात मशीन बंद करून पुन्हा सुरू झालेले असू शकते, सेटिंग बदललेले असू शकते, पॅकेजची नवी आवृत्ती आलेली असू शकते. अपोर्ट स्वतः याबाबत सावध असते: क्रॅशनंतर प्रोग्रामची फाइलच बदलली असेल तर ते तसे सांगून अहवाल थांबवते. हुक लिहिणाऱ्याने तोच धडा आपल्या पातळीवर गिरवायला हवा. ‘या क्षणी चालू असलेले प्रोग्राम’ ही यादी जोडणे सोपे आहे, पण ती क्रॅशच्या क्षणाची नाही. वाचणारा मात्र ती त्या क्षणाची समजणार. पंचनाम्यात घटनेनंतर आणून ठेवलेली वस्तू लिहिली गेली तर तपास भरकटतो, तसेच हे आहे. उशिरा मिळालेली माहिती एक तर अशी असावी की जी सहजी बदलत नाही, जसे हार्डवेअर, नाहीतर तिच्यासोबत ती केव्हा घेतली हे स्पष्ट लिहिलेले असावे. या दोन्हींत न बसणारी माहिती गाळणेच बरे.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा आणि तो सर्वांत अवघड. माणसाने ‘पाठवा’ हे बटण दाबून संमती दिली, मग हुकने फार सोवळे पाळायचे कारण काय? या युक्तिवादात पाणी मुरते ते ‘संमती’ या ठिकाणी. अहवाल पाठवण्याआधी तो उघडून पाहता येतो हे खरे, पण त्यातली शेकडो ओळींची लॉग-फाइल वाचून तिच्यात आपले काय उघडे पडते हे समजणारा वापरकर्ता विरळा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यानेही संमतीची व्याप्ती ठरावीक हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ठेवली आहे, आणि युरोपच्या माहिती-संरक्षण नियमांतही गरजेपुरतेच घेण्याचे तत्त्व आहे. अपोर्टमध्ये आणखी एक मेख आहे. तोच हुक दोन प्रसंगी चालतो: प्रोग्राम पडल्यावर, आणि प्रोग्राम न पडताही कुणी हाताने बग नोंदवतो तेव्हा. कोअर डंप असलेला क्रॅशचा बग सुरुवातीला खासगी असतो, पण हाताने नोंदवलेला साधा बग सामान्यतः लगेच सार्वजनिक होतो. हुकने क्रॅशच्या भरवशावर जोडलेली फाइल दुसऱ्या प्रसंगी जगाला दिसते. म्हणून हुकने आधी अहवालाचा प्रकार तपासावा आणि मगच जोडणी ठरवावी.

काटकसरीने टिपायचे कसे, याचा उत्तम नमुना अपोर्टच्या आतच आहे. प्रोग्रामच्या भोवतालच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये अनेकदा गुप्त किल्ल्या, पासवर्ड, सर्व्हरचे पत्ते असतात. अपोर्ट त्यांतले भाषा, शेल, टर्मिनल असे मोजकेच घेते. प्रोग्राम शोधण्याच्या फोल्डरांची यादी तर ते पूर्ण घेतच नाही. ती नेहमीपेक्षा वेगळी आहे का आणि तीत वापरकर्त्याचे स्वतःचे फोल्डर आहे का, एवढेच लिहिते. काही व्हेरिएबलच्या बाबतीत ‘दिलेले आहे’ एवढीच नोंद होते, काय दिले आहे ते नाही. वायफायची माहिती जोडणारे तयार फंक्शन नेटवर्कचे नाव, ॲक्सेस पॉइंटचा पत्ता आणि एन्क्रिप्शनची किल्ली या तिन्ही जागी ‘लपवले’ अशा अर्थाचा शब्द घालते. मेंटेनरचा प्रश्न ‘नेटवर्कचे नाव काय’ हा नव्हताच, ‘जोडणी होती का आणि कशी होती’ हा होता. प्रश्न नेमका माहीत असला की उत्तर लहान होते.

तरीही काही बग असे असतात की त्यांचे मूळ माणसाच्या खासगी मजकुरातच असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतले एक विशिष्ट जोडाक्षर संदेशात आले की आयफोनवरचे ॲप पडत असे. ॲपलने ११.२.६ या आवृत्तीत ते दुरुस्त केले. बारकाईने तपासणाऱ्यांना आढळले की दोष तेलुगूपुरता नव्हता. बंगालीतले काही आणि देवनागरीतलेही काही अक्षरक्रम तोच परिणाम घडवत होते. देवनागरीत व्यंजन, हलन्ताचे चिन्ह, मग ‘र’, त्यानंतर अक्षरे जुळू न देणारे अदृश्य चिन्ह आणि शेवटी स्वरचिन्ह, असा तो क्रम होता. असा क्रॅश समजून घ्यायचा तर मजकूर हवा, आणि मजकूर म्हणजे कुणाचे तरी खासगी पत्र. इथे हुक लिहिणारा काय करू शकतो? तो मजकुराऐवजी त्याचा सांगाडा नोंदवू शकतो: पडण्याआधी जे शेवटचे काही वर्ण मांडले जात होते त्यांची लिपी आणि प्रकार, म्हणजे व्यंजन, हलन्त, व्यंजन, अदृश्य चिन्ह, स्वरचिन्ह. एवढ्यावरून डेव्हलपरला शोधाची दिशा मिळते आणि पत्र पत्रच राहते. सांगाडा पुरेसा नसेल तर माणसाला स्पष्ट विचारून मजकुराचा तेवढाच तुकडा मागता येतो. खासगीपणा आणि उपयुक्तता यांत एकच निवडावे लागते असे म्हणणारे हा मधला मार्ग नजरेआड करतात. तो सापडायला दोष कुठल्या जातीचा असू शकतो याचा आधी विचार झालेला असावा लागतो, एवढेच.

भाषेचा आणखी एक धागा मराठी वाचकाला जवळचा वाटेल. ज्याच्या मशीनची भाषा मराठी आहे त्याच्याकडे एखाद्या आदेशाचे उत्तर मराठीत येऊ शकते, आणि ते अहवालात तसेच गेले तर परदेशी बसलेल्या मेंटेनरला त्यातला शब्दही कळणार नाही. शिवाय ठरावीक इंग्रजी शब्द शोधून गट लावणारे नियमही चुकतील. म्हणून आदेश चालवणारे अपोर्टचे तयार फंक्शन संदेशांची भाषा त्यापुरती मूळ इंग्रजीवर आणते. हुक लिहिणाऱ्याने तयार फंक्शन टाळून स्वतः आदेश चालवला तर ही काळजी निसटते. पण मशीनची भाषा मराठी होती ही गोष्ट मात्र अहवालात राहायलाच हवी, कारण तारखा, दशांशचिन्ह, अक्षरजुळणी यांतले अनेक दोष एखाद्या भाषेच्या सेटिंगमध्येच दिसतात. आदेशाच्या उत्तरात भाषा गाळायची आणि संदर्भात ती ठेवायची. तीच बाब एके ठिकाणी अडगळ आणि दुसऱ्या ठिकाणी पुरावा ठरते.

आता सुरक्षिततेकडे. क्रॅशचा अहवाल हा आपल्याच साधनाने लिहिलेला, म्हणून विश्वासार्ह, अशी समजूत सहज होते. ती किती महागात पडते हे २०१६ च्या डिसेंबरमध्ये दिसले. अहवाल कोणत्या डेटाबेसकडे पाठवायचा हे सांगणारी एक बाब त्या फाइलीत असे, आणि तिची सुरुवात महिरपी कंसाने झाली तर अपोर्ट ती पायथनचा कोड समजून चालवत असे. म्हणजे कुणी मुद्दाम रचलेली क्रॅश-फाइल पाठवली आणि समोरच्याने ती उघडली की पाठवणाऱ्याचा कोड त्याच्या मशीनवर चालायचा. त्याच वेळी उघड झालेला दुसरा दोष तर थेट हुकांशी निगडित होता. अहवालातल्या पॅकेजच्या नावावरून हुकच्या फाइलीचा पत्ता तयार होत असे. नावात वरच्या फोल्डरकडे नेणारी टिंबे आणि तिरकी रेघ घातली की पत्ता हुकांच्या फोल्डरबाहेर जायचा आणि तिथली पायथन फाइल हुक म्हणून चालवली जायची. त्याआधी एप्रिल २०१५ मध्ये सुरक्षा-संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी अपोर्ट आणि एबीआरटी या दोन्हींत साध्या वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळवून देणाऱ्या त्रुटी दाखवल्या होत्या. हे दोष तातडीने दुरुस्त झाले, पण बोध उरतोच. पडलेला प्रोग्राम हा बिघडलेला असतो आणि कधी कधी मुद्दाम बिघडवलेला असतो. त्याच्याकडून आलेले नाव, पत्ता किंवा मजकूर हुकने आंधळेपणाने वापरू नये. अहवालातल्या नावाने फाइल उघडू नये, अहवालातला मजकूर आदेशात चिकटवू नये, सर्वाधिकार लागणारे आदेश टाळता येतील तेवढे टाळावेत. हुक जितका कमी करेल तितकी घुसायला जागा कमी.

हुक स्वतःही पडू शकतो. अपोर्ट तो पडला तरी अहवाल वाया जाऊ देत नाही. हुकमध्ये चूक झाली अशी नोंद अहवालातच करून पुढे जाते. एबीआरटीची रचना वेगळी आहे. तिथे क्रॅशची प्रत्येक बाब एका फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइल म्हणून असते आणि प्लगइन म्हणजे ‘अमुक घटना घडली, अमुक अट पुरी झाली, तर अमुक आदेश चालवा’ असा मजकुरी नियम असतो. त्यामुळे तो कोणत्याही भाषेत लिहिता येतो. पण क्रॅश नोंदवल्यानंतर लगेच चालणारा नियम अपयशाचा संकेत देऊन संपला, तर ती सगळी नोंदच पुसली जाऊ शकते. ही सोय नको असलेले क्रॅश बाहेर ठेवण्यासाठी आहे. निष्काळजी प्लगइनच्या हाती मात्र ती पुरावा नष्ट करणारी ठरते. म्हणून प्लगइन लिहिताना प्रत्येक फाइल नसू शकते, प्रत्येक आदेश अडकू शकतो, असे धरूनच चालावे.

चौथा आक्षेप असा: उद्या कोणता क्रॅश येईल हे आज कुणाला माहीत? आज गाळले तेच उद्या लागले तर? हा आक्षेप निम्मा खरा आहे. हुक पॅकेजबरोबर जातो, आणि प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत तो बदलून लोकांच्या मशीनपर्यंत पोचवायला वेळ लागतो. पण यावरचा उपाय सगळे आधीच उचलून ठेवण्यात नाही. उबुंटूत सर्व्हरवर ठेवलेल्या नियमांची एक यादी असते. येणारा अहवाल तिच्याशी जुळला तर माणसाला सांगितले जाते की हा बग माहीत आहे, तो अमुक ठिकाणी नोंदलेला आहे. ही यादी मशीनवर काहीही न बदलता केव्हाही वाढवता येते. टप्प्याटप्प्याने माहिती मागण्याची विंडोजची रीतही याच अडचणीचे उत्तर आहे. अज्ञातासाठी हुक सैल सोडण्यापेक्षा, अज्ञात समोर आल्यावर नवा प्रश्न विचारता येईल अशी वाट मोकळी ठेवणे हे जास्त भरवशाचे.

व्यवहारात हुक लिहायला बसणाऱ्याने आधी कोड न लिहिता त्या पॅकेजचे जुने बग वाचावेत. मेंटेनर प्रत्येक नव्या तक्रारीखाली जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत आला आहे, त्यांची उत्तरे म्हणजेच हुकचा पहिला मसुदा. मग प्रत्येक ओळीला एकच कसोटी लावावी: या नोंदीत वेगळी माहिती आली असती तर मेंटेनरचे पुढचे पाऊल बदलले असते का? साउंड कार्ड वेगळे निघाले तर तो ड्रायव्हरकडे वळेल, म्हणून ती ओळ राहते. होम फोल्डरमधल्या फाइलींची यादी वेगळी निघाली तरी तो काहीच वेगळे करणार नाही, म्हणून ती ओळ जाते. मसुदा तयार झाला की एखाद्या चालू प्रोग्रामला मुद्दाम ११ क्रमांकाचा सिग्नल पाठवून क्रॅश घडवावा, हाताने बगही नोंदवून पाहावा, आणि दोन्ही अहवाल पाठवण्याआधी मजकुराच्या संपादकात उघडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावेत. जी ओळ स्वतःच्या नावानिशी सार्वजनिक झालेली चालणार नाही, ती दुसऱ्याच्या मशीनवरूनही घेऊ नये. हुकची लांबी पाहून त्यामागची मेहनत कुणाला कळणार नाही, पण असा आटोपशीर अहवाल हाती पडलेला मेंटेनर उलटून एकही प्रश्न न विचारता थेट दुरुस्तीला लागतो, आणि प्लगइन लिहिण्याचा हेतू याहून वेगळा नसतो.